जिनातल्या घरचा पोळा

१९६४ सालचा आषाढ, दुसरा सोमवार. रक्कम पाच हजार रुपये. हजर असलेली माणसं अशी: नांदुऱ्याचे कापसाचे व्यापारी शेठजी, खामगावहून आठवड्यातून दोनदा येणारे आमचे डॉक्टर, परिचारिका कमलताई, सेवक गुलाबराव, नऊ पेशंट आणि मी. रक्कम त्या दिवशी मिळाली नाही. ती कशी मिळाली आणि शेवटी कोणाला काय देण्यात आलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमची संस्था चिखलीच्या वेशीबाहेर, कापसातून सरकी काढायच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या, म्हणजे जिनाच्या, बंगल्यात होती. बोर्डावर तिचं नाव लांबलचक होतं, पण टांगेवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला 'जिनातलं घर' म्हणत. जिन चालू होता तेव्हा मी तिथे मुनीम होतो. गाठी मोजायच्या, वजनं लिहायची. जिन बंद झाला, धर्मादाय मंडळानं बंगला घेतला, आणि सामानाच्या यादीबरोबर मीही त्यांच्याकडे गेलो. गाठींच्या जागी माणसं आली. पहिले सहा महिने मला हा फरक कळला नव्हता, असं कमलताई म्हणत.

लोक मला विचारतात, तिथं तुम्ही नेमकं करत काय होता? वेड्यांचं इस्पितळ म्हटलं की लोकांना साखळ्या आणि गजांच्या खिडक्या दिसतात. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. ज्याचं डोकं अचानक बिनसलं, घरच्यांना आवरेनासा झाला, वैद्य, देवऋषी सगळे करून झाले, असा माणूस आमच्याकडे महिना-दोन महिने, कधी चारही, राहायला येई. डॉक्टर गोळ्या देत. त्या गोळ्या तेव्हा आपल्याकडे नवीनच होत्या. बाकीचं काम आम्ही करायचं आणि ते सांगायला अगदी सोपं आहे: माणसाला झोप लागेपर्यंत सोबत बसायचं, तो जेवेपर्यंत ताटापाशी बसायचं, आणि तो जे बोलेल त्याला न हसता व न घाबरता उत्तर द्यायचं. करून पाहिल्यावर कळतं की यातलं तिसरं सगळ्यात कठीण.

गुलाबरावांना ते उपजत येई. ते जिनाचे जुने चौकीदार. सहा फूट उंच, मिशा पिळदार. आमच्याकडे एक निवृत्त तलाठी आले होते. त्यांना हे घर म्हणजे सरकारी डाकबंगला वाटे. चहा पाणचट, गादी कडक, अशी त्यांची रोज तक्रार असे आणि तक्रार ऐकून घेतल्याबद्दल ते गुलाबरावांना बक्षीस म्हणून कडुलिंबाचं एक पान देत. गुलाबराव पान कपाळाला लावून "मेहेरबानी साहेब" म्हणत. पाच आठवड्यांनी तलाठीसाहेब शुद्धीवर आले आणि ओशाळून म्हणाले, "गुलाबराव, मी तुम्हाला पानं देत होतो ना हो?"

"हाव साहेब."

"आणि तुम्ही ती घेत होता?"

"घेत होतो ना. बकरीले चारत होतो. तुमी घरी चालले तं आता तिची पंचाईत."

तलाठीसाहेब इतके हसले की डॉक्टरांनी त्याच दिवशी त्यांना घरी जायची परवानगी दिली. सगळ्यांचं असं झालं नाही. एका तरुण कारकुनाला त्याच्या वडिलांनी चौथ्याच दिवशी परत नेलं. त्याचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही, आणि ती गोष्ट अजून सलते.

कमलताई आमच्या परिचारिका. चिखली तालुक्यातल्याच एका खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातल्या, शिक्षण नागपूरला झालेलं, वय तिशीच्या आत. आवाज कधी चढला नाही, पण त्यांनी एकदा 'पुरे' म्हटलं की डॉक्टरसुद्धा थांबत. काही नातेवाईक त्यांच्या हातून पाण्याचा पेला घेताना थबकत. त्या पेला शेजारी ठेवत आणि पुढच्या कामाला लागत.

आता त्या आषाढाकडे येतो. मंडळाकडे दिवाळीपर्यंत पुरतील एवढेच पैसे होते. शेठजी पाच हजार देणार होते. त्यांची अट एकच: पेशंट सुखी आहेत की नाही, हे ते स्वतः पेशंटांना विचारणार. ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले आणि एकेकाला विचारू लागले. जेवण कसं? बेस. झोप? बेस. हे लोक कसे वागतात? लय बेस. नऊच्या नऊ जणांनी एकच उत्तर दिलं. कोणी त्यांना पढवलं नव्हतं. पण परिचारिका डाव्या हाताला उभी, सेवक उजव्या हाताला उभा, आणि तक्रार केली तर मुक्काम वाढेल ही भीती मनात. दुसरं काय सांगणार?

शेठजी उठले. म्हणाले, "बाबूजी, तुमी जिनात होते. कापूस पाहाले आल्यावर मी वरचा कापूस पाहात होतो काय?"

"नाही. गाठीच्या पोटात हात घालत होता."

"हां. वरचा तं साऱ्याईचाच पांढरा राह्यते. पोळ्याले येतो मी. पोटातला दाखवा, मंग पैशाचं बोलू."

आणि पोटात काय चाललं होतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कमलताई आणि गुलाबराव एकमेकांशी बोलत नव्हते.

त्याला कारण झालं फाटकाची चावी. ज्येष्ठात फाटक उघडं असताना एक म्हातारी पेशंट बाहेर पडली होती. दुपारभर सगळे धावले. ती एसटी स्टँडवर सापडली, भजी खात होती. फाटक दिवसा उघडं ठेवायचं हे कमलताईंनी ठरवलेलं, पण बोलणी गुलाबरावांनी खाल्ली. तेव्हापासून त्यांनी फाटकाला कुलूप घातलं आणि चावी करदोड्याला बांधली. कमलताईंचं म्हणणं, कुलूप लावलं तर माणूस बरा झाला हे त्याचं त्याला कळणार कसं? गुलाबरावांचं म्हणणं, माणूस हरवला तर त्याच्या माईला तोंड कोण दाखवणार? मला दोघांचंही पटत होतं, त्यामुळे माझा कोणालाच उपयोग नव्हता.

दोघांनी अबोला धरला आणि निरोप पेशंटांमार्फत जाऊ लागले. "सिस्टरले सांग, पाणी तापलं." "गुलाबभाऊंना सांग, मला दिसतंय." पेशंट बिचारे पोस्टमनसारखे ओसरीवरून ये-जा करत. ज्या घरात मोठी माणसं धुमसत असतात, तिथली लेकरं जशी दबून वागतात, तसं सगळं घर झालं. ताटात भाकरी उरू लागली. रात्रीच्या गोळ्या वाढवाव्या लागल्या. बाहेरच्या लोकांना हे नवल वाटेल, पण या धंद्यातलं मला कळलेलं पहिलं सत्य हेच: पेशंटची तब्येत बघायची असेल तर आधी नोकरांची आपसातली बोलाचाली ऐकावी.

याचा सगळ्यात जास्त त्रास देवरावला झाला.

देवराव संग्रामपूरकडच्या सोनाळ्याचा, तिशीतला शेतकरी. वैशाखात त्याचे मोठे भाऊ किसनराव त्याला दोरीनं बांधून घेऊन आले होते. तो आठवडाभर झोपला नव्हता. स्वतःला राजा म्हणवत होता आणि जे बोलेल ते यमकात बोलत होता. घसा फुटला तरी यमक थांबत नव्हतं. गावात तो झडत्या म्हणण्यात पहिल्या नंबरचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्या वऱ्हाडात पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहतात तेव्हा लोक एकमेकांवर आणि गावातल्या मोठ्यांवर चार ओळी जुळवून टोमणे मारतात आणि शेवटी 'हर हर महादेव' करतात. त्याला झडती म्हणतात. त्या दिवशी पाटलावर झडती झाली तरी पाटलानं रागवायचं नाही, असा रिवाज. देवरावचं तेच कसब आजारानं ताब्यात घेतलं होतं.

गोळ्यांनी आणि झोपेनं तो उतरला. पण इतका उतरला की हाव आणि नाई याशिवाय बोलेना. थोडा जरी हसला की भेटीला आलेले किसनराव उठून उभे राहत. "ताई, हा हसला. गोयी वाढवा." त्यांचीही चूक नव्हती. पोरा-बाळांदेखत त्यांनी भावाला दोरी बांधली होती. ते म्हणाले, "पोळ्याले येतो. शांत असन तं घरी नेतो. नाईतं नागपूरच्या पागलखान्यात पोचवून देतो. आमच्यानं आता होत नाई."

देवराव ते ऐकत बसला होता. त्या दिवसापासून त्यानं हसणं बंदच केलं.

त्याला एकच गोष्ट बरी वाटे. संस्थेचा पाणी ओढायचा एक पांढरा बैल होता, पांड्या. कमलताईंनी त्याला पांड्याचं वैरण-पाणी करायला सांगितलं होतं. पण गोठा फाटकाबाहेर आणि फाटकाला कुलूप. रोज सकाळी देवराव फाटकाशी उभा राहायचा. गुलाबराव येईपर्यंत पांड्या तिकडून हंबरायचा, हा इकडून पाहायचा. कुलपाच्या आतला कोण आणि बाहेरचा कोण, असा मला प्रश्न पडे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. देवरावनं हळद-लोणी लावून पांड्याचा खांदा चोळला. त्या वेळी कमलताई त्याला म्हणाल्या, "देवराव, उद्या झडती म्हणायची." गुलाबराव मागेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे तोंड करून सांगितलं, "बाबूजी, सिस्टरले सांगा, याले भरीस घालू नका. भाऊ येऊन राह्यला त्याचा. झडतीची एक ओय म्हटली का नागपूर हाय."

मी वळलो. "सिस्टर, गुलाबराव म्हणतात..."

"ऐकलं मी. त्यांना सांगा, हसू कोंडून घरी गेला तर सहा महिन्यांत परत येईल."

देवराव मान खाली घालून खांदा चोळत राहिला.

पोळ्याच्या दिवशी जिनाच्या पटांगणात आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. शेजारच्या तीन शेतकऱ्यांच्या जोड्या आल्या. पांड्याला जोडीदार नाही म्हणून शेजारच्या महादू पाटलांनी आपला एक जादा बैल दिला. शेठजी खुर्चीवर, डॉक्टर त्यांच्या बाजूला, पेशंट सतरंजीवर. किसनराव खांबाला टेकून उभे. कमलताईंनी त्यांना पाणी पुढे केलं. "राहू द्या, तहान नाई," ते म्हणाले. देवराव पांड्याचा कासरा धरून उभा होता, जमिनीकडे बघत.

झडत्या सुरू झाल्या. पहिल्या दोन-चार सरपंचावर आणि एसटीच्या उशिरावर झाल्या. मग महादू पाटील आमच्याकडे वळले.

"जिनातला पांड्या बैल, अंगावर झूल,
गोयी खाऊन झोपते, कामाची भूल!
हर हर महादेव!"

लोक हसले. आता आमच्या बाजूनं उत्तर यायला हवं होतं. रिवाजच तसा, उत्तर आलं नाही तर बैल हरला. सतरंजीवरचे आठजण देवरावकडे बघू लागले. देवराव किसनरावांकडे बघत होता. किसनराव खांब सोडून सरळ उभे राहिले.  

आणि ओरडले कोण, तर गुलाबराव.

"देवराव! काऊन गप बसला बे? आपल्या पांड्याले बोलून राह्यला ना थो!"

देवरावनं मान वर केली. आवाज आधी घोगरा आला.

"झोपते आमचा पांड्या, उठते पहाटेले,
तुहा बैल जागाच, पण नांगर वाटेले!
हर हर महादेव!"

सतरंजीवरून आरोळी उठली. भजीवाली म्हातारी तर उभीच राहिली. देवरावनं कासरा दुसऱ्या हातात घेतला आणि आमच्याकडे वळला.

"सिस्टरची जीभ अन् गुलाबची चावी,
दोघाईची भाषा आमी कोनाले लावावी?
सिस्टर म्हने उघड, गुलाब म्हने लाव,
मधात बसले पेशंट, सांगा कुठी जाव?
हर हर महादेव!"

या वेळी पेशंटांनी महादेवाला जी हाक मारली ती चिखलीच्या बाजारात ऐकू गेली असेल. गुलाबरावांच्या मिशा थरथरत होत्या. रागानं की हसण्यानं ते मला ठरवता येईना. कमलताईंनी पदर तोंडाला लावला होता. मीही मोठ्यानं हसलो. तेवढ्यात माझी पाळी आली.

"बाबूजीचं गणित लय बारीक,
मिठाच्या खड्याचीबी लिहून ठेवते तारीख,
मोजून देते भाकर, मोजून देते भाजी,
पोट भरलं काय, कधी इचारा ना बाबूजी!
हर हर महादेव!"

मी हसायचा थांबलो. शेठजी मात्र मांडीवर थाप मारून हसू लागले. त्यांना वाटलं, आपण पाहुणे, आपण सुटलो.

"कापूस पाह्यला शेटनं पोटात घालून हात,
मानसाच्या पोटात काय, हे कोन पाहात?
पाहून घ्या शेटजी, करू नका घाई,
बरे होतो आमी, पन झटक्यात होत नाई!
हर हर महादेव!"

देवरावचे डोळे चमकत होते. घाम आला होता. पुढची ओळ ओठावर आलेली दिसत होती. किसनराव दोन पावलं पुढे आले, त्यांचा चेहरा वैशाखातल्यासारखा झाला होता.  हा आनंद की तोच आजार, हे त्या क्षणी मला खरोखर सांगता आलं नसतं.

कमलताईंनी पदर खाली घेतला. "देवराव, पुरे."

देवरावचं तोंड उघडं होतं. ते त्यानं मिटलं. पांड्याच्या पाठीवर हात टेकला, लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "हाव सिस्टर. झालं." मग टोपीनं घाम पुसला आणि हसला. दमलेला माणूस हसतो, तसं साधं.

कमलताई किसनरावांकडे वळल्या. "दादा, हेच पाहायचं होतं. आजार असता तर थांबता आलं नसतं. थांब म्हटल्यावर थांबतो ना, तोवर त्याला खुशाल हसू द्या. आणि झोप. झोप उडाली तर लगेच घेऊन या."

"अन् फाटक उघडंच राहीन," गुलाबराव म्हणाले. दोन-अडीच महिन्यांत सिस्टरला उद्देशून थेट बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. करदोड्याची चावी सोडून त्यांनी पुढे केली. "घ्या सिस्टर."

"राहू द्या तुमच्याकडेच. मला हवी तेव्हा मागीन."

"कोनाजवळ निरोप देऊन?"

"तोंडानं मागीन हो गुलाबभाऊ!"

लोक पुन्हा हसले. किसनराव मात्र हसत नव्हते. ते तोरणाखाली जाऊन भावासमोर उभे राहिले. आम्हाला वाटलं, हात धरून नेतात की काय. त्यांनी घसा खाकरला. तेव्हा मला आठवलं, भरतीच्या वेळी मीच लिहून घेतलं होतं: सोनाळ्याच्या पोळ्यात समोरच्या बाजूनं झडती म्हणणारा त्याचा सख्खा भाऊच असायचा.

"आभायात चढला भाऊ, टाकून देल्ली बिडी,
सिस्टरनं मारली हाक, गुलाबनं लावली शिडी,
उतरला रे उतरला, पाय लागले भुईले,
चाल भावा घरी आता, तोंड दाखव माईले!"

महादेवाची हाक त्यांना पुरी करता आली नाही. ती देवरावनं केली.

तोरण तुटलं, बैल सुटले. किसनराव ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "ताई, पानी द्या." कमलताईंनी दिलेला पेला त्यांनी एका दमात संपवला आणि आणखी मागितला.

शेठजींनी माझ्यासमोर शंभराच्या पन्नास नोटा मंडळाच्या नावे दिल्या. म्हणाले, "दर पोळ्याले येईन बाबूजी. अशा शिव्या बाजारात विकत मियत नाई." ते पुढे दर पोळ्याला आले, आणि दरवर्षी त्यांच्यावर नवी झडती झाली. फाटक दिवसा उघडं राहिलं. चावी गुलाबरावांकडेच राहिली आणि कमलताई ती दिवसातून दोन-तीनदा मोठ्या आवाजात मागत. पुष्कळदा गरज नसतानाही. मीही त्या दिवसापासून पंगतीत शेवटपर्यंत थांबू लागलो आणि प्रत्येकाला विचारू लागलो. भाकऱ्या जास्त लागल्या. त्या लागू दिल्या.

एक देणं बाकी होतं. पोळ्याला दारात बैल आणणाऱ्याच्या हातावर घरमालक पैसे ठेवतो, त्याला आम्ही बोजारा म्हणतो. देवराव पांड्याला घेऊन ओसरीपाशी आला. कमलताईंनी बैलाच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, गुलाबरावांनी पुरणपोळी चारली. मी संस्थेतर्फे सव्वा रुपया काढून देवरावच्या हातावर ठेवला.

त्यानं मूठ मिटली. "बाबूजी, मोजून देल्ला ना?"

"मोजूनच दिला. आणि देवराव, पोट भरलं काय?"

"भरलं," देवराव म्हणाला, आणि कासरा गुलाबरावांच्या हातात देऊन भावामागोमाग उघड्या फाटकातून बाहेर पडला.

मंडळास पाच हजार, शेठजींकडून. बोजारा सव्वा रुपया, देवरावास.